वल्हं उभं होईपर्यंत

पुण्यात माझी नोकरी लोकांचे कॉम्प्युटर फोनवरून नीट करून द्यायची होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायचं आणि तापलेल्या माणसाला गोड आवाजात पहिला प्रश्न विचारायचा, प्लग नीट लागलाय का जरा बघता का? निम्म्या लोकांचा पारा तिथेच उतरायचा, कारण प्लग लागलेला नसायचा. वर 'अहो, कामवालीने काढला असेल' म्हणून ऐकवायचे. हा प्रश्न मी अनोळखी माणसांना रोज विचारत होते. माझ्या स्वतःच्या घरी मात्र अख्खा पावसाळा गेला तरी विचारला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घर मालवणच्या अलीकडे, किनाऱ्याला लागून. तिथल्या खाऱ्या हवेपुढे लोखंडाचं काही चालत नाही. खिडकीचे गज, कडी, कुलूप, शिवणयंत्र, सगळं दोन पावसाळ्यांत तांबडं. अशा घरात मी कॉम्प्युटर नेऊन ठेवला होता, आमच्या ऑफिसने काढून टाकलेल्यातला एक. वर्षभरात त्याच्या मागच्या बाजूच्या यूएसबीच्या सगळ्या खाचा गंजून गेल्या. पुढची एक तेवढी शाबूत राहिली. त्या एकीला मी एक हब जोडून दिला, म्हणजे एका खाचेच्या चार खाचा करणारी काळी डबी. तिच्यात कीबोर्ड, माउस आणि कॅमेरा. चौथी खाच रिकामी होती, तिच्यात आईचा मोबाइल चार्जिंगला. हबला स्वतःची वीज मिळावी म्हणून सोबत एक छोटा अॅडॅप्टर होता, तो भिंतीच्या बोर्डात. आई त्याला पिन म्हणायची. मी पण मग पिनच म्हणायला लागले. माइक आणि स्पीकर मात्र हबवर नव्हते, ते थेट कॉम्प्युटरच्या गोल खाचांत होते.

हा सगळा खटाटोप बाबांसाठी होता.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. हळूहळू ते काठी घेऊन पडवीपर्यंत चालायला लागले, पण वाचा काही परत आली नाही. ऐकू यायचं, कळायचं सगळं. राजकारणावरच्या बातम्या लागल्या की पूर्वीसारखंच तोंड वाकडं करायचे. फक्त शब्द बाहेर पडत नव्हता. अशा माणसाला पुण्याहून फोन करून काय उपयोग? मी विचारायचे, बाबा, जेवलात? पलीकडे श्वास ऐकू यायचा. मग आई फोन ओढून घ्यायची आणि सांगायची, व्हय म्हणतत. त्यांचं व्हय आणि नाय आता डाव्या हातात आणि भुवयांत होतं, आणि ते बघावं लागायचं. फोनवर बाबा नव्हतेच. ते होते फक्त कॅमेऱ्यात, दर रविवारी सकाळी.

खरं म्हणजे हाताने बोलायची त्यांना जुनी सवय. आमच्या वाडीची रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरते आणि दुसरं टोक घेऊन परत किनाऱ्याला येते. मग सगळी वाडी दोन बाजूंनी दोर ओढते. मासा कुठे आहे, होडीने किती आत जायचं आणि कधी वळायचं, हे होडीतून दिसत नाही. ते किनाऱ्यावरचा माणूस बघतो. हाक तर लाटांच्या आवाजात पोचत नाही, म्हणून तो टॉवेलने सांगतो. आमच्या रापणीचा तो माणूस म्हणजे बाबा. टॉवेल डोक्यावर धरून हलवला की अजून बाहेर जा. खालून, पोटाशी ओढल्यासारखा हलवला की वळा, किनाऱ्याला या. होडीतल्यांना इशारा दिसला की त्यांनी एक वल्हं उभं करायचं. वल्हं उभं होईपर्यंत टॉवेल थांबवायचा नाही, हा नियम. मग हात भरून येवो नाहीतर डोळ्यांत ऊन जावो. आणि एकदा वल्हं उभं राहिलं की मात्र बाबा टॉवेल खांद्यावर टाकायचे, वाळूत बैठक मारायचे आणि होडी येईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून वाळूत पाय पुरत असायचे. त्या बसण्यात त्यांना कसलीच काळजी नसायची. होडीला दिसलं म्हणजे होडी येणारच, एवढा साधा हिशोब.

हब लावल्यावर पहिले काही महिने रविवार छान गेले. बाबा दाढी करून बसायचे. मी काहीतरी बडबडायचे, ते भुवया उडवायचे. माझं वजन वाढलं की गालाला हात लावून फुगवून दाखवायचे. आई बाजूला बसून मधेच डोकावायची, कारण तिला कॅमेऱ्यासमोर एकदा तरी आपलं तोंड दिसावं असं वाटायचं आणि ते कबूल करायचं नसायचं.

पावसाळा लागला आणि चित्र तुटायला लागलं. चार गोष्टी बोलून होतात न होतात तोच पडदा काळा. आवाज मात्र चालू. आई म्हणायची, "चित्र गेला गो बाय. पण तू बोल, आयकाक येता." मी तिला पुण्यातून सूचना द्यायचे. कॅमेऱ्याची वायर काढ, परत घाल. कॉम्प्युटर बंद कर, चालू कर. कोपऱ्यात काही दिसतं का? ती सांगायची की पिवळा फुगा येतो नि जातो, त्यावर इंग्रजीत कायतरी लिहिलेलं असतं. अक्षरं वाचून दाखव म्हटलं तर तिला तेवढ्यात चुलीवरचं काहीतरी आठवायचं. मी इंटरनेटला शिव्या दिल्या, पावसाला दिल्या, कॅमेरा बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग माझे प्रश्न आई बाबांना विचारायची आणि त्यांची उत्तरं मला सांगायची. बरे आसत. जेवले. औषध घेतला. तुजी काळजी करतत, पण तू करू नको म्हणतत.

आणि मी खरंच करत नव्हते. चित्र नसलं की मीही माझा कॅमेरा बंद करायचे आणि बोलणं लवकर आटपायचं. मला कोणी बघत नसल्यामुळे मी बोलता बोलता कपड्यांच्या घड्या घालायचे, नखं कापायचे. कॅमेरा दुरुस्त व्हायला हवा असं म्हणताना मनाच्या एका कोपऱ्यात सोयीचं वाटायचं. ते तेव्हाच कळत होतं आणि तेव्हाच लाज वाटत होती. लाज वाटून मी पुढची घडी घालायचे.

दसऱ्याच्या सुमारास चार दिवस रजा मिळाली. मी पुण्याहून बॅगेत नवा कॅमेरा, नवी वायर आणि दुरुस्तीवालीचा रुबाब घेऊन उतरले. बाबा पडवीत बसले होते. मला बघून त्यांनी डाव्या हाताने माझं डोकं जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मी म्हटलं, बाबा, यावेळी तुमचा कॅमेरा एकदम फर्स्ट क्लास करून जाते. त्यांनी हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाखाली शिरले. फोनवर लोकांना शिकवते तसंच सुरू केलं. एकेक वस्तू वेगळी करायची आणि कोण गुन्हेगार ते बघायचं. जुना कॅमेरा थेट पुढच्या खाचेत घातला, तर तासभर मजेत चालला. म्हणजे कॅमेरा निर्दोष. हबमधून एकटा लावला, तरी चालला. कीबोर्ड आणि माउस जोडले, तरी चालला. मग आईचा मोबाइल चार्जिंगला लावला आणि थोड्या वेळात चित्र गपकन गेलं. कोपऱ्यात पिवळा फुगा आला. आईने पावसाळाभर वाचून न दाखवलेलं वाक्य त्यावर होतं, हबला वीज पुरत नाही म्हणून.

मला हसूच आलं. एका बारीक नळावर चार घागरी लावल्या तर शेवटचीच्या वाट्याला काय येणार? कॉम्प्युटरच्या एका खाचेतून मिळते तेवढ्या विजेवर कीबोर्ड आणि माउस कसेबसे निभावतात. कॅमेरा आणि मोबाइल एकदम म्हणजे अति झालं. पण म्हणून तर हबला स्वतःची पिन दिली होती. मी हबची मागची बाजू वळवून बघितली. पिनेचं गोल भोक रिकामं होतं. भिंतीचा बोर्डही रिकामा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पुण्याहून नवा कॅमेरा घेऊन आलेली मी, माझ्या पोटापाण्याचा पहिला प्रश्न विसरले होते. आईला पिन कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, कसली पिन? मग म्हणाली, ती व्हय. आणि पोह्यांच्या डब्यामागून पिन काढून दिली. एका फडक्यात नीट गुंडाळून ठेवली होती. "वीज चमकाक लागली म्हणान काढून ठेवलंय," ती म्हणाली. त्यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडे ढग गुरगुरले की अख्खी वाडी घरातली एकूण एक वायर भिंतीतून उपटते. मी फक्त तिच्यावर थोडी चिडले, की पाऊस जाऊन दिवस झाले, मग परत लावायला काय झालं होतं? मी तसं बोलले पण, जरा चढ्या आवाजात. ती तांदूळ निवडत राहिली.

पिन लावली. हबवरचा दिवा हिरवा झाला आणि तसाच राहिला. मोबाइल, कॅमेरा, कीबोर्ड, माउस, सगळे गुण्यागोविंदाने चालले. काम झालं होतं. पण मला आमच्या ऑफिसची खोड, काम झालं की पलीकडच्या टोकाने तपासून बघितल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही. म्हणून दुपारची एसटी धरून मी मालवणच्या बाजारात गेले. तिथे मच्छीमार्केटच्या वाटेवर एक नेट कॅफे होता. आईला सांगून ठेवलं की मी तिथून लावते, तू नेहमीसारखं बाबांना समोर बसव, मी पुण्यात आहे असंच समज.

ती तसं समजली, हेच झालं.

कॅफेत मी कानांवर हेडफोन लावून बसले. चित्र आलं, स्वच्छ. बाबांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. आई म्हणाली, दिसता काय? मी म्हटलं, झकास. मग मी उगाच काहीतरी विचारत राहिले, कारण वेळ काढायचा होता. पूर्वी चित्र ज्या सुमाराला जायचं तो सुमार उलटून गेला. चित्र गेलं नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तेवढ्यात बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. डाव्या हातात धरला. आणि खालून, पोटाशी ओढल्यासारखा हलवायला लागले. एकदा हलवला, पुन्हा हलवला. त्यांचे डोळे थेट कॅमेऱ्यात होते, लांबची होडी बघताना बारीक व्हायचे तसे बारीक झालेले. चेहऱ्यावर काही नाही. रडणं नाही, राग नाही. नुसतं काम चाललं होतं.

मला अर्थ कळायला क्षणही लागला नाही. मी वाळूत पाय पुरून हे शेकडो वेळा बघितलं होतं. वळा, किनाऱ्याला या.

चित्राच्या कडेने आईचा हात आला, बोर्डाच्या दिशेने गेला. पडद्यावर बाबांचा टॉवेल अर्ध्यात गोठला आणि काळं झालं.

"चित्र गेला गो बाय," आईचा आवाज आला. "पण तू बोल, आयकाक येता."

मी काय बोलले ते आठवत नाही. कॅफेवाल्याने विचारलं, ताई, नेट गेला काय? मी नाही म्हटलं आणि उठले.

एसटीत बसून परत येताना मला सगळे रविवार उलट्या क्रमाने आठवत होते. मी घड्या घालत होते तेव्हा तिकडे टॉवेल हलत होता. मी नखं कापत होते तेव्हाही. वल्हं उभं होईपर्यंत थांबायचं नाही, हा त्यांचाच नियम. आणि पावसाळाभर वल्हं उभं राहिलं नव्हतं.

आई मागच्या दारी भांडी घासत होती. मी येऊन उभी राहिले तशी तिला कळलं, चोराच्या मनात चांदणं असतंच. मी विचारलं, "कित्याक काढलंस गो?" तिने हात धुतले, पदराला पुसले आणि तिथेच दगडावर बसली. पहिल्यांदा खरंच वीज होत होती, तिने सांगितलं. पिन काढली तेव्हा चित्र गेलं आणि आवाज राहिला, हे तिला त्या दिवशी कळलं. त्याच्या पुढच्या रविवारी बाबांनी पहिल्यांदा टॉवेल उचलला.

"तुका घराक बोलयतत ते. दर आयतवाराक," ती म्हणाली. "तू बघलंस तर नोकरी सोडून धावत येतलंस. नाय इलंस तर थंय रडत रवतलंस. माका दोनूय नको होता, म्हणान काढलंय."

मला तिच्यावर रागवायचं होतं. पण रागवायला तोंड कुठे होतं? तिने चित्र काढून घेतलं आणि मला ते सोयीचं वाटलं. आम्ही दोघी मिळून एका मुक्या माणसाचं तोंड बंद करून बसलो होतो. ती माझ्या काळजीने, मी माझ्या सोयीने. तिचं कारण माझ्यापेक्षा चांगलं होतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "माझा चुकला काय गो?" मी तिच्या शेजारी बसले आणि राहिलेली भांडी घासायला घेतली.

बाबांना मी काही विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. उरलेले दोन दिवस मी त्यांच्या आसपासच होते आणि त्या दोन दिवसांत त्यांनी टॉवेल एकदाही हलवला नाही. हलवतील कशाला, होडी किनाऱ्यालाच होती. ते पडवीत बसून माझ्याकडे बघायचे, मी जेवायला वाढलं की जास्त जेवायचे. निघायच्या दिवशी मी बॅग उचलली तेव्हा मात्र त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी पाया पडले. म्हटलं, रविवारी बोलू हां. रजा संपली होती. नोकरी होती, ती सोडून इथे येऊन मी काय करणार होते? हे सगळं खरं होतं आणि गाडी घाट चढत असताना यातलं एकही मला पटत नव्हतं.

रविवार आला. पुण्यातल्या खोलीत मी कॉम्प्युटरसमोर बसले. घड्या घालायचे कपडे मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवले. आधी आवाज आला, चित्र नाही. आईने बाबांना अजून आतून आणलं नसावं, कारण ती दबक्या आवाजात बोलत होती.

"पिन लावू, काय रवांदे?"

तिने माझ्यावर सोडलं होतं. मी रवांदे, म्हणजे राहू दे, म्हटलं असतं तर तिने पुन्हा कधी विचारलं नसतं. बरे आसत, जेवले, औषध घेतला, असं सगळं सुरळीत चाललं असतं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींना जपलं असतं. मला खरंच रवांदे म्हणावंसं वाटलं. जिभेवर आलं होतं.

"लाव गो आये," मी म्हटलं.

चित्र आलं. काठीचा आवाज झाला, बाबा येऊन बसले. दाढी केलेली होती. त्यांनी मला बघितलं, भुवया उडवल्या, गाल फुगवून दाखवला. मी हसले. मग त्यांनी टॉवेल काढला आणि हलवायला लागले. आई बाजूला होती. तिचे हात मांडीवर होते आणि तिने ते तिथेच ठेवले. हिरवा दिवा त्यांच्या कोपराशी दिसत होता. मीच तर तो पक्का करून आले होते, आता तो विझणार नव्हता.

टॉवेल थांबेना. मी माझा उजवा हात कोपरातून सरळ केला आणि डोक्याच्या वर ताठ उभा धरला.

बाबांचा टॉवेल थांबला. त्यांनी डोळे बारीक करून नीट बघून घेतलं. मग टॉवेल खांद्यावर टाकला, खुर्चीत मागे टेकले आणि दोन वर्षांत बघितलं नव्हतं इतके सैल होऊन बसले.

दिसलं, एवढंच मला सांगायचं होतं. येते, असं मी म्हटलं नव्हतं. पण आमच्या किनाऱ्यावर त्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे मला हात खाली घेताना आठवलं. त्यानंतर त्यांनी कधीच टॉवेल हलवला नाही. आई सांगायची की रविवारी बोलून झालं की ते काठी घेऊन पडवीत जातात आणि रस्त्याकडे तोंड करून बसतात.